भूज ते दिब्रुगड : अंतर किती, वेळ किती?

‘अंतर भागिले वेग म्हणजे वेळ’ हे सूत्र प्राथमिक शाळेतील मुलालाही पाठ असते. आगगाडीची, बैलगाडीची आणि दोन सायकलस्वारांची उदाहरणे सोडवून मुले पुढच्या वर्गात जातात. पण याच सूत्रात विमान घातले, की तीन साधे प्रश्न उभे राहतात. अंतर मोजायचे कोणत्या रेषेवर? वेग कशाच्या संदर्भात? आणि वेळ कोणत्या घड्याळाची? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना भूगोल, भूमिती आणि भौतिकशास्त्र यांची सांगड आपोआप घातली जाते. म्हणून या लेखात आपण एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवून पाहू.

उदाहरणासाठी आपल्या देशाच्या दोन टोकांचे दोन लहान विमानतळ निवडू. एक कच्छमधील भूज आणि दुसरा आसामातील दिब्रुगड. दोघांनाही इतिहास आहे. डिसेंबर १९७१ च्या युद्धात बाँबहल्ल्याने उखडलेली भूजची धावपट्टी जवळच्या माधापर गावातील स्त्रियांनी तीन दिवसांत दुरुस्त करून दिली होती. दिब्रुगडचा विमानतळ मोहनबारी येथे आहे. दुसऱ्या महायुद्धात हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद पोचवणारी विमाने येथून उडत असत. आपल्याला मात्र सध्या त्यांचे अक्षांश-रेखांश तेवढे हवे आहेत :

भूज : २३.२९ अंश उत्तर, ६९.६७ अंश पूर्व.
दिब्रुगड : २७.४८ अंश उत्तर, ९५.०२ अंश पूर्व.

अंशांचे किलोमीटर

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर. त्याला ३६० ने भागले, की एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण दिशेने जाताना हा आकडा सगळीकडे (जवळजवळ) सारखाच असतो. पूर्व-पश्चिम दिशेने मात्र तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची लांबी कमी कमी होत जाते. ती किती कमी होते, हे त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. विषुववृत्तावर कोसाइन १, म्हणजे पूर्ण १११.२ किलोमीटर, ६० अंश अक्षांशावर कोसाइन अर्धा, म्हणजे ५५.६ किलोमीटर, आणि ध्रुवावर शून्य.

आता गणित करू. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक ४.१९ अंश आहे आणि रेखांशांतील फरक २५.३५ अंश. दोन्ही अक्षांशांची सरासरी सुमारे २५.४ अंश आणि तिचा कोसाइन ०.९०३५. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर २५.३५ × ०.९०३५ = २२.९० अंश (विषुववृत्तावरील मापाने). यापुढे पायथागोरसचा सिद्धांत पुरतो :

२२.९० चा वर्ग ५२४.४, ४.१९ चा वर्ग १७.६, बेरीज ५४२, तिचे वर्गमूळ २३.२८ अंश. त्याला १११.२ ने गुणले, की उत्तर येते सुमारे २,५८९ किलोमीटर.

कोसाइनचा तक्ता जवळ असेल तर नववी-दहावीचा विद्यार्थी हे उदाहरण पाच मिनिटांत सोडवतो. पण एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील, “पायथागोरसचा सिद्धांत सपाट कागदावरचा. पृथ्वी तर गोल आहे. मग तो येथे कसा चालेल?” शंका अगदी रास्त आहे.

‘सरळ’ रेषा कोणती?

गोलाच्या पृष्ठभागावर सरळ रेषा काढताच येत नाही. तरीही दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग असतोच. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला, की पृष्ठभागावर जे वर्तुळ मिळते त्याला बृहत्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहत्‌वृत्त आहे. इतर अक्षवृत्ते तशी नाहीत, कारण त्यांची प्रतले पृथ्वीच्या केंद्रातून जात नाहीत. दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतर त्यांना जोडणाऱ्या बृहत्‌वृत्ताच्या लहान कंसाइतके असते. पृथ्वीगोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा घट्ट ताणून धरला, की तो नेमका या कंसावरच बसतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी या कंसाचे सूत्र शब्दांत असे आहे : दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करा, दोन्ही गुणाकारांची बेरीज म्हणजे कंसाच्या कोनाचा कोसाइन. आपल्या उदाहरणात ही बेरीज ०.९१८९ येते. त्यावरून कोन २३.२४ अंश आणि अंतर सुमारे २,५८४ किलोमीटर.

म्हणजे पायथागोरसच्या सोप्या रीतीत आणि गोलीय भूमितीच्या अचूक रीतीत फरक पडला तो फक्त पाच किलोमीटरचा! पृथ्वी पूर्ण गोल नसून विषुववृत्ताशी किंचित फुगीर आहे. त्यामुळेही एवढ्या अंतरात काही किलोमीटरचा फरक पडतो. तेव्हा यापुढे आपण २,५८५ किलोमीटर हा आकडा धरू.

लांबीत फरक नगण्य असला, तरी मार्गात मात्र तो दिसण्याइतका आहे. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर रेखांश व उभ्या अक्षावर अक्षांश घ्या आणि भूज व दिब्रुगड हे बिंदू पट्टीने जोडा. ही रेषा पूर्वेकडे जाताना बांगलादेशाच्या अगदी उत्तरेकडच्या टोकावरून जाते. बृहत्‌वृत्ताचा कंस मात्र या रेषेच्या उत्तरेकडे फुगलेला असतो. मध्यावर, म्हणजे उत्तर प्रदेशातील जौनपूर-प्रतापगडच्या परिसरात, तो सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेला आहे. पुढे तो नेपाळच्या आग्नेय कोपऱ्यावरून, सिलिगुडीच्या किंचित उत्तरेकडून आणि भूतानच्या दक्षिण भागावरून दिब्रुगडला पोचतो. पट्टीने काढलेली रेषा बांगलादेशावरून जाते, तर खरोखर जवळचा मार्ग नेपाळवरून! विमान अर्थातच यांपैकी कोणत्याही रेषेवर तंतोतंत उडत नाही. आखून दिलेले हवाई मार्ग, शेजारी देशांची परवानगी, लष्करी क्षेत्रे आणि वादळी ढग यांमुळे त्याचा मार्ग वाकडातिकडा होतो आणि आणखी काही किलोमीटर वाढतात.

सोपी रीत आपल्या अक्षांशांवर चालली, म्हणून ती सगळीकडे चालेल असे मात्र नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडील ट्रॉम्सो (६९.६८ उत्तर, १८.९२ पूर्व) आणि अलास्कातील फेअरबँक्स (६४.८२ उत्तर, १४७.८६ पश्चिम) ही दोन विमानतळांची गावे घ्या. रेखांशांतील फरक १६६.७८ अंश. सोप्या रीतीने अंतर येते सुमारे ७,१९० किलोमीटर आणि मार्ग दिसतो ग्रीनलंड व कॅनडावरून. आता सरळ उत्तर ध्रुवावरून गेलो तर काय होते ते पाहा. ट्रॉम्सो ते ध्रुव २०.३२ अंश, ध्रुव ते फेअरबँक्स २५.१८ अंश, एकूण ४५.५ अंश, म्हणजे सुमारे ५,०६० किलोमीटर. यासाठी तर कोसाइनही लागला नाही, नुसती वजाबाकी-बेरीज पुरली. बृहत्‌वृत्ताचा अचूक कंस याहूनही थोडा लहान, सुमारे ५,०२५ किलोमीटरचा आहे. सोप्या रीतीने येथे दोन हजार किलोमीटरांहून अधिक चूक केली! एखादे सूत्र कोठवर वापरावे हे कळणे, सूत्र पाठ असण्याइतकेच महत्त्वाचे असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

वेग : जमिनीचा की हवेचा?

आता वेगाकडे वळू. आपल्याकडील देशांतर्गत मार्गांवरची मध्यम आकाराची जेट विमाने सुमारे ११ किलोमीटर उंचीवर उडतात. तेथे तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा थंड हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २९५ मीटर, म्हणजे ताशी १,०६० किलोमीटर असतो. ही विमाने त्याच्या ०.७८ पट वेगाने उडतात. म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर. २,५८५ भागिले ८३० केले, की ३ तास ७ मिनिटे येतात.

पण हा ८३० किलोमीटरचा वेग हवेच्या संदर्भातील आहे. विमान हवेला रेटून उडते, जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो. हवाच जर पूर्वेकडे वाहत असेल, तर ती विमानालाही आपल्याबरोबर घेऊन जाते. नाव व प्रवाहाची जी उदाहरणे आपण अंकगणितात सोडवतो, त्यातलेच हे एक. समजा, वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटर वेगाचा पश्चिमेकडून येणारा वारा आहे. मग :

भूजहून दिब्रुगडला जाताना जमिनीवरील वेग ९३० किलोमीटर. वेळ २ तास ४७ मिनिटे.
दिब्रुगडहून भूजला येताना वेग ७३० किलोमीटर. वेळ ३ तास ३२ मिनिटे.

अंतर तेच, विमान तेच, पण येताना पाऊण तास जास्त! येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. जाताना वाऱ्याने जेवढा वेळ वाचवला, तेवढाच येताना खाल्ला का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. प्रत्यक्ष बेरीज करून पाहा. वारा नसता तर जाऊन-येऊन ६ तास १४ मिनिटे लागली असती. वारा असताना लागली ६ तास १९ मिनिटे. म्हणजे पाच मिनिटे तोटाच झाला. वारा दुप्पट, म्हणजे ताशी २०० किलोमीटरचा घेतला, तर तोटा २३ मिनिटांवर जातो. म्हणजे वारा दुप्पट केला की तोटा चौपटीहून थोडा अधिक होतो. कारण सोपे आहे. समोरचा वारा विमानाला अधिक वेळ छळतो आणि पाठीचा वारा कमी वेळ मदत करतो. टोकाचा विचार करा : वाऱ्याचा वेग विमानाइतकाच, ८३० किलोमीटर असेल तर? जाणारे विमान दीड तासात पोचेल, पण परत येणारे कधीच पोचणार नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सर्वांत कमी अंतराचा मार्ग हा सर्वांत कमी वेळाचा असेलच असे नाही. थोडा वळसा घेऊन पाठीचा जोरदार वारा मिळत असेल, किंवा समोरचा टळत असेल, तर लांबचा रस्ताच लवकर पोचवतो. असा मार्ग कसा शोधावा, याचे गणित एर्न्स्ट झेर्मेलो या जर्मन गणितज्ञाने १९३१ साली मांडले. आज हेच काम संगणक प्रत्येक उड्डाणापूर्वी करतात.

हा वारा येतो कोठून?

ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हे आकडे अवास्तव वाटतील, पण ते तसे नाहीत. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हवेचा एक अरुंद, वेगवान पट्टा असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याच्या गाभ्यात वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी त्याहूनही अधिक असतो. हा पट्टा हिमालयाच्या दक्षिणेकडून, म्हणजे जवळजवळ आपल्या मार्गाला समांतर वाहतो.

अशा वाऱ्यांचा पद्धतशीर अभ्यास जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात केला. हवेत फुगे सोडून ते दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेत. आपले निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून त्यांनी ते एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. दुर्दैवाने ती भाषा जाणणारे फार थोडे होते. १९४४ साली जपानवर खूप उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांना या वाऱ्यांचा जबर तडाखा बसला, तेव्हा कोठे त्यांचे महत्त्व सर्वांना पटले.

या वाऱ्याचे मूळ तापमानातील फरकात आहे. विषुववृत्ताकडची हवा उष्ण आणि फुगलेली, ध्रुवाकडची थंड आणि आकसलेली. त्यामुळे एकाच उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त व उत्तरेकडे कमी असतो. हवा उत्तरेकडे जाऊ पाहते. पण फिरत्या पृथ्वीवर, उत्तर गोलार्धात, वाहती हवा उजवीकडे वळते आणि अखेर पूर्वेकडे वाहू लागते. तापमानातील फरक हिवाळ्यात तीव्र, म्हणून वाराही हिवाळ्यात जोरदार.

पावसाळ्यात चित्र पालटते. तिबेटचे पठार व उत्तर भारत तापल्याने पश्चिमी जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. द्वीपकल्पावर तर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. या पूर्वी जेट प्रवाहाचे पहिले सविस्तर वर्णन १९५८ साली भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी केले. आपल्या मोसमी पावसाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

‘पृथ्वी फिरते म्हणून’ हे उत्तर

जाण्या-येण्याच्या वेळांतील फरक सांगितला, की वर्गात हमखास एक हात वर होतो. “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पूर्वेकडे जाणाऱ्या विमानापुढे दिब्रुगड पळत राहील आणि उशीर व्हायला हवा. मग उलटे कसे?” दुसरा म्हणतो, “विमान हवेत नुसते थांबले, तर खालून पृथ्वी सरकेल आणि भूज आपोआप खाली येईल!”

अशा वेळी ‘चूक’ म्हणून बसवण्याऐवजी या कल्पनेचे परिणाम त्याच्याकडूनच काढून घ्यावेत. विषुववृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. भूजच्या अक्षांशावर तो कोसाइनच्या नियमाने सुमारे १,५३० येतो. हवा जर पृथ्वीबरोबर फिरत नसती, तर भूजमध्ये कायम ताशी दीड हजार किलोमीटर वेगाचा वारा सुटला असता. एकही झाड, एकही घर उभे राहिले नसते. तसे होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही तोच वेग घेऊन उडते. धावत्या आगगाडीत वर उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसेच हे.

दुसरा पुरावा अधिक पक्का आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग वर्षभर तोच असतो, पण पूर्वेकडील व पश्चिमेकडील प्रवासांतला फरक ऋतूप्रमाणे बदलतो. जे कारण बदलत नाही, त्याने बदलणारा परिणाम समजावता येत नाही. म्हणून खरे कारण वारा. पृथ्वीच्या फिरण्याचा हात त्यात आहे, पण तो वाऱ्याला दिशा देण्यापुरता.

घड्याळाची गंमत

धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी सुमारे अर्धा तास धरला, तर हिवाळ्यात जाताना ३ तास १७ मिनिटे आणि येताना ४ तास २ मिनिटे होतात. दोन्ही गावांत घड्याळ एकच असल्याने वेळापत्रकातही हेच आकडे दिसतील.

पण सूर्य हे मानत नाही. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे २५.३५ अंशांना १ तास ४१ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि हे रेखावृत्त आपल्या प्रवासाच्या जवळजवळ मधोमध येते. त्यामुळे भूजचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ५१ मिनिटे मागे असतो आणि दिब्रुगडचा ५० मिनिटे पुढे. आसामातील चहामळ्यांत आजही घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची प्रथा आहे, ती यामुळेच. मुंबईतही प्रमाणवेळ आल्यावर अनेक वर्षे ‘मुंबई वेळ’ चालू राहिली होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे.

समजा, भूज व दिब्रुगड आपापल्या स्थानिक वेळेवर चालले असते. मग वेळापत्रकातील सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा केली असती, तर जाताना ४ तास ५८ मिनिटे आणि येताना अवघे २ तास २१ मिनिटे आले असते! ज्या दिशेला खरोखर जास्त वेळ लागतो, तीच दिशा झटपट वाटली असती. परदेशी विमानांची वेळापत्रके वाचताना हीच फसगत होते. म्हणून वजाबाकीपूर्वी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणल्या पाहिजेत.

आकड्यांपलीकडे

हा सारा हिशेब केवळ वर्गापुरता नाही. असे विमान उड्डाणात तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. पाऊण तासाचा फरक म्हणजे जवळजवळ दोन टन इंधन. ते भरले नाही तर विमान मुक्कामी पोचणार नाही. विनाकारण जास्त भरले, तर त्याचे ओझे वाहण्यातच आणखी इंधन जळते. शिवाय दिब्रुगडला धुके वा वादळ असेल तर गुवाहाटीसारख्या दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरते, आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते इंधन शिल्लक ठेवावे लागते. वाऱ्याचा अंदाज बरोबर असणे हा येथे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असतो.

आणि प्रवाशाच्या वेळेचाही. दोन लहान विमानतळांमध्ये जाणाऱ्याला सहसा मोठ्या शहरात विमान बदलावे लागते. वरच्या सोप्या रीतीने मोजले, तर भूज-दिल्ली-दिब्रुगड सुमारे २,७१० किलोमीटर होते आणि भूज-मुंबई-दिब्रुगड सुमारे ३,०२०. दिल्लीमार्गे सव्वाशे किलोमीटर जास्त, म्हणजे उड्डाणात जेमतेम नऊ मिनिटे; मुंबईमार्गे ४३५ किलोमीटर, म्हणजे अर्धा तास. पुढच्या विमानाची वाट पाहण्यात मात्र कित्येक तास जातात. दूरच्या गावाचे ‘दूरपण’ किलोमीटरांत कमी आणि गाड्या-विमानांच्या जोडणीत जास्त असते, हे एस. टी. स्थानकावर बसलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नकोच.

वर्गात करून पाहण्यासारखे

पृथ्वीगोलावर दोरा ताणून ट्रॉम्सो-फेअरबँक्स मार्ग दाखवावा आणि मग तोच नकाशावर उतरवायला सांगावा. आपल्या जिल्ह्याचे अक्षांश-रेखांश घेऊन दिब्रुगडचे अंतर सोप्या रीतीने काढावे. दिल्ली-गुवाहाटी विमानांच्या जाण्या-येण्याच्या वेळा हिवाळ्यात व पावसाळ्यात टिपून घ्याव्यात, त्यांतील फरक काढावा आणि त्यावरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधावा. एका छापील वेळापत्रकातून अकरा किलोमीटर उंचीवरचा वारा मोजता येतो, हे उमगले, की ‘अंतर भागिले वेग’ या जुन्या सूत्राकडे मुले नव्या नजरेने पाहू लागतील.